विश्लेषण : मांजर पाळले की उंदीर जातात? आकडे काय सांगतात?

पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात काहीतरी पडते. घरातले कोणीतरी उठून दिवा लावते. ओट्याखाली मांजर बसलेले असते, पुढ्यात अर्धमेली पाल आणि चेहऱ्यावर मोठी कामगिरी फत्ते केल्याचा भाव. दोनच दिवसांपूर्वी गॅलरीच्या कठड्यावरून एक जाडजूड उंदीर सावकाश चालत गेला, तेव्हा याच मांजराने जागचे न हलता मान वळवून त्याला फक्त निरोप दिला होता.

मांजर पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आश्चर्य वाटते ते शेजाऱ्यांना. ‘तुमच्याकडे मांजर आहे ना, मग उंदीर कसे?’ मांजर म्हणजे उंदरांचा बंदोबस्त, हे समीकरण डोक्यात इतके पक्के बसले आहे की सोसायटीच्या सभेपासून विधानसभेपर्यंत कोणी ते तपासून पाहत नाही. या विषयावरच्या बातम्या ‘जरा हटके’ सदरात येतात, वाचक हसतो आणि बोट पुढे सरकते. याच बातम्यांतल्या आकड्यांपाशी थोडे थांबले, तर गोष्ट वेगळीच निघते.

मंत्रालयात काय झाले होते?

मार्च २०१८ मध्ये माजी महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातील उंदरांचा विषय काढला. उंदीर मारण्याचे काम एका खासगी संस्थेला दिले होते, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती आणि संस्थेने सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचे कागदोपत्री दिसते, असा त्यांचा आरोप होता. हिशेबही त्यांनीच मांडला. दिवसाला ४५ हजार ६२८ उंदीर, म्हणजे रात्रंदिवस न थांबता मिनिटाला जवळपास ३२. एका उंदराचे वजन २०० ग्रॅम धरले तरी रोज नऊ टनांहून अधिक मेलेले उंदीर. ते नेले कशातून आणि पुरले कुठे? मुंबई महापालिकेला सहा लाख उंदीर मारायला दोन वर्षे लागली, याचीही त्यांनी आठवण करून दिली. त्यापेक्षा दहा मांजरे सोडली असती तरी काम झाले असते, असा टोला त्यांनी हाणला.

सरकारकडून नंतर खुलासा आला. ३ लाख १९ हजार ४०० हा आकडा मेलेल्या उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे, असे सांगण्यात आले. वाद तिथे थंडावला. मात्र या खुलाशातूनच एक प्रश्न उभा राहत होता आणि तो फारसा कोणी विचारला नाही. गोळ्या किती लागल्या हे मोजले गेले होते. उंदीर किती मेले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती उरले, ते कोणी मोजले होते का?

खडसे यांच्या टोल्यालाही तोच हिशेब लावता येतो. दहा मांजरांवर ते काम सोपवले असते, तर प्रत्येकाला दिवसाला साडेचार हजार उंदीर मारावे लागले असते.

असाच प्रकार पाच वर्षांनी उलट्या दिशेने घडला. सप्टेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकारातील उत्तराच्या आधारे बातमी आली की, उत्तर रेल्वेच्या लखनऊ विभागाने तीन वर्षांत ६९.५ लाख रुपये खर्च करून १६८ उंदीर पकडले. भागाकार करणे सोपे होते. एका उंदरामागे ४१ हजार रुपये! समाजमाध्यमांवर या उंदराची भरपूर थट्टा झाली. त्यावर रेल्वेचे म्हणणे असे की, ही रक्कम फक्त उंदरांसाठी नव्हतीच. झुरळे, ढेकूण यांसह सगळ्या कीटकनियंत्रणाची ती होती, सुमारे २५ हजार डब्यांत ते काम झाले आणि खर्च डब्यामागे ९४ रुपये आला.

दोन्ही बातम्यांत आकडे खरे होते, पण ते ज्याचे सांगितले गेले त्याचे नव्हते. आणि दोन्हीकडे गाडीत किंवा इमारतीत आता उंदीर किती आहेत, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मांजराला सरकारी पगार?

‘दहा मांजरे सोडा’ हा उपाय ब्रिटिशांनी खरोखर करून पाहिला आहे, तोही फायलीवर नोंद घेऊन. लंडनच्या टपाल खात्यात मनीऑर्डरच्या कार्यालयात उंदीर कागद कुरतडत होते. १८६८ मध्ये तिथे तीन मांजरे अधिकृतपणे नेमली गेली. त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले होते, मंजूर झाला एक. तोही तिघांत मिळून. उरलेले पोट त्यांनी उंदरांवर भरावे, ही अपेक्षा लेखी होती. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर या भत्त्यातही कपात होणार होती. कंत्राटी कामगाराला लावतात तशीच अट. पुढे गृह खात्यानेही १९२९ मध्ये आपल्या मांजरासाठी किरकोळ खर्चातून रोज एक पेनी मंजूर केली आणि मंजुरीच्या कागदात मांजर ‘कार्यक्षम’ असावे, असे नमूद केले.

ही परंपरा आजही लंडनच्या दहा क्रमांकाच्या डाउनिंग स्ट्रीटवर दिसते. १५ फेब्रुवारी २०११ रोजी ‘लॅरी’ नावाचा बोका तिथे आला. आधी पंतप्रधानांच्या दारासमोर टीव्हीच्या थेट प्रक्षेपणात एक उंदीर धावताना दिसला होता. लॅरी आला तेव्हा डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान होते. त्यानंतर थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि किअर स्टार्मर आले, लॅरी तिथेच. पण तो येऊन वर्षही झाले नसताना कॅमेरून यांना जेवणाच्या टेबलावरून उंदरावर काटा फेकावा लागल्याची बातमी ब्रिटिश वृत्तपत्रांत आली होती. सरकारी संकेतस्थळावर लॅरीची जी ओळख दिली गेली, तिच्यात उंदरांवरचा तोडगा अद्याप डावपेच आखण्याच्या टप्प्यावर असल्याचे म्हटले होते. खात्याने इतके प्रामाणिकपणे स्वतःचा प्रगती अहवाल लिहिण्याचे उदाहरण दुर्मीळच.

(जपानमध्ये वाकायामा प्रांतातील किशी स्थानकावर २००७ मध्ये ‘तामा’ नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमले होते. तिच्या कामात उंदीर कुठेच नव्हते. टोपी घालून प्रवाशांचे स्वागत करणे एवढेच काम होते. ते मात्र तिने चोख केले; तोट्यातल्या त्या मार्गावर तिला पाहायला लांबून प्रवासी येऊ लागले.)

मग मांजर उंदीर मारते की नाही?

मारते. पण कोणता उंदीर, यावर सगळे अवलंबून आहे. घरात फिरणाऱ्या छोट्या उंदराचे वजन २०-३० ग्रॅम असते. गटारात, गोदामात आणि कचराकुंडीजवळ राहणारा तपकिरी उंदीर ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचे दात मोठे असतात आणि कोंडीत सापडला की तो उलटून चावतो. तीन-चार किलोच्या मांजराला असा धोका पत्करण्याची गरज नसते. शेजारी भरलेली कचराकुंडी किंवा कोणीतरी ठेवलेली मासळी असेल, तर मुळीच नसते. मुंबईकरांना यासाठी वेगळा पुरावा नको. बाजारामागच्या गल्लीत घूस आली की मांजर बाजूला सरते, हे दृश्य रोजचे आहे.

हे मोजून पाहण्याची संधी न्यूयॉर्कमधील संशोधकांना योगायोगाने मिळाली. फोर्डम विद्यापीठाचे मायकल पार्सन्स आणि त्यांचे सहकारी ब्रुकलिनमधील कचरा पुनर्वापर केंद्रात उंदरांचा अभ्यास करत होते. तिथे सुमारे १५० उंदरांची वसाहत होती. काही उंदरांच्या अंगात ओळखीसाठी मायक्रोचिप बसवल्या होत्या. मध्येच भटकी मांजरे त्या आवारात शिरली. प्रयोग बिघडला असे मानण्याऐवजी संशोधकांनी कॅमेरे रोखले आणि ७९ दिवस चित्रीकरण केले. २०१८ मध्ये ‘फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. ३०६ चित्रफितींत मांजरांनी उंदरांवर पाळत ठेवल्याचे २० प्रसंग आढळले. मारण्याचे प्रयत्न तीन झाले. प्रत्यक्ष मेले दोन उंदीर.

अडीच महिन्यांत, दीडशेंच्या वसाहतीत, दोन.

पण या अभ्यासातला खरा धडा पुढे आहे. मांजरे आवारात असली की उंदीर मोकळ्या जागेत कमी दिसत. ते बिळांत, आडोशाला थांबत. उंदरांची संख्या जवळपास तेवढीच होती, फक्त ती डोळ्यांसमोर नव्हती. केंद्रात काम करणाऱ्या माणसाला मात्र ‘मांजरे आली आणि उंदीर गेले’ असेच वाटणार. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्याकडे म्हणीतच आहे. इथे डोळे मिटले जातात ते माणसांचे.

सोसायटीत ‘खाली मांजरे आहेत म्हणून आमच्याकडे उंदीर नाहीत’ असे कोणी ठामपणे सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. जिन्यात खरेच दिसत नाहीत. मीटरच्या खोलीत, गटाराच्या झाकणाखाली, लिफ्टच्या खड्ड्यात कोणी पाहिलेले नसते इतकेच.

अमरावतीच्या डॉक्टरांनी काय पाहिले?

मांजराच्या बाजूने सगळ्यात गंभीर युक्तिवाद महाराष्ट्रातूनच झाला होता, हे आज फारसे कोणाला ठाऊक नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पाहता पाहता देशभर पसरला. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाकडे येतो, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामातून ते पक्के होत गेले. मग उंदीर कमी कसे करायचे, हा पुढचा प्रश्न होता.

अमरावतीचे तेव्हाचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी उत्तरासाठी गावोगावची मांजरे मोजली. ज्या गावांत बऱ्याच घरांत मांजर आहे तिथे प्लेग कमी, जिथे मांजरे कमी तिथे जास्त, असे त्यांचे निरीक्षण होते. १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध झाले. सापळे आणि विष यांवर खर्च करण्यापेक्षा घरोघरी मांजर पाळायला सांगा, असा त्यांचा आग्रह होता.

आज या निरीक्षणावर शंका घेणे सोपे आहे. मांजर असलेल्या आणि नसलेल्या गावांत इतरही फरक असू शकतात. धान्य साठवण्याची पद्धत, घरांची बांधणी, वस्तीची दाटी. तरी ते मोडीत काढता येणार नाही. वऱ्हाडातल्या मातीच्या घरात, आढ्यावर आणि धान्याच्या कणगीभोवती राहणारा काळा उंदीर गटारातल्या तपकिरी उंदरापेक्षा बारीक असतो. मांजराच्या आवाक्यातला. शिवाय तिथे उंदीर मारण्याचीही गरज नव्हती. त्याने माणूस झोपतो ती खोली सोडली, तरी त्याच्या अंगावरच्या पिसवा लांब राहणार होत्या. ब्रुकलिनच्या केंद्रात निरुपयोगी ठरलेली तीच गोष्ट, म्हणजे उंदराचे लपणे, अमरावतीच्या घरात कदाचित जीव वाचवत होती.

अर्थात मांजर स्वतः प्लेगपासून सुरक्षित नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एकाला प्लेग झाला, तो बहुधा पाळीव मांजराकडून आल्याचे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. ही बातमीही ‘हटके’ म्हणूनच फिरली.

उपाशी ठेवले तर जास्त शिकार करेल?

लंडनच्या टपाल खात्याचा समज तोच होता आणि तो आजही अनेक घरांत आहे. शिकार आणि भूक या मांजराच्या मेंदूत बऱ्याच वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. उपाशी मांजर सोप्या अन्नाकडे, म्हणजे कचऱ्याकडे जाते.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी नैर्ऋत्य इंग्लंडमधील २१९ घरांतील ३५५ मांजरांवर याची चाचणी घेतली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भरपूर मांस असलेला, धान्यविरहित आहार दिला तर घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळले तर २५ टक्के घट. उपासमार नव्हे, चांगले जेवण आणि खेळ यांनी फरक पडला. आणि गळ्यात घंटा बांधली तर? काहीच लक्षणीय परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर उंदरांची सभा पिढ्यान् पिढ्या अडली आहे. बांधून फारसे हाती लागले नसते असे दिसते.

मुंबईत हे काम कोण करते?

माणसे. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात विजेरी घेऊन ते बाजार, गल्ल्या आणि चाळींच्या मागच्या बाजूंनी फिरतात. एका रात्रीत ३० उंदीर, असे त्यांना उद्दिष्ट असते आणि सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यावे लागतात. मंत्रालयाच्या वादात जी गोष्ट कोणालाच दाखवता आली नाही, ती हे कामगार रोज पिशवीतून आणून दाखवतात. या कामाला मांजरांच्या नेमणुकीइतकी प्रसिद्धी मिळत नाही.

तरीही मारलेल्या उंदरांचा आकडा हे यशाचे माप नव्हे. उंदराची मादी तीन आठवड्यांत पिले देते, एका वेळी सहा ते बारा. ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. उघडा कचरा, फुटके गटार आणि धान्याची सांडलवंड तशीच राहिली, तर मेलेल्यांची जागा लगेच भरून निघते. पावसाळ्यात त्याची किंमत कळते. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महापालिकेला दरवर्षी करावे लागते.

अशा वेळी ‘सोसायटीत मांजरे आहेत, काळजी नको’ असे म्हणून कचऱ्याच्या डब्याला झाकण लावायचे टाळले जात असेल, तर मांजरांवर न झेपणारे काम टाकले जाते. नंतर उंदीर दिसले की ‘ही मांजरे काय कामाची?’ म्हणून त्यांनाच हाकलण्याची भाषा सुरू होते. मांजरे वस्तीत राहावीत, त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण व्हावे, याला उंदीर मारण्याच्या कामाचा आधार लागत नाही. त्यांना क्रूरपणे वागवणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, तो त्यांनी किती उंदीर मारले यावर ठरत नाही.

विष आणि मांजर एकाच आवारात असेल तर?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. सोसायटी मांजरांना खाऊ घालते आणि त्याच आवारात उंदरांसाठी विषारी वड्याही ठेवते. बाजारात मिळणाऱ्या अनेक वड्यांत ब्रोमाडिओलोनसारखे, रक्त गोठू न देणारे औषध असते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्त होत जातो, उघड्यावर येतो, पळत नाही. मोठ्या उंदराच्या वाटेला न जाणाऱ्या मांजराला नेमका हाच उंदीर सापडतो.

मांजराच्या अंगात विष गेल्यावरही सुरुवातीचे काही दिवस काही दिसत नाही. मग ते मलूल होते, खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येते, धाप लागते. यावर जीवनसत्त्व के-१ चा उपचार आहे आणि वेळेत सुरू झाला तर मांजर वाचू शकते. तो काही आठवडे चालू ठेवावा लागतो. घरगुती उपायांत वेळ घालवू नये, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. कोणते विष वापरले होते हे सोसायटीच्या कार्यालयात किंवा कीटकनियंत्रणाचे काम करणाऱ्याकडे विचारावे आणि मिळाले तर रिकामे पाकीटच सोबत न्यावे. सगळी विषे एकसारखी नसतात. पाकिटावर छापलेले नाव पाहूनच पशुवैद्य पुढचे ठरवतात.